‘कान्ट हेल्प’मध्ये मदत कुठे आहे?

प्रश्न असा आहे: ‘हेल्प’ म्हणजे मदत करणे, तर ‘आय कान्ट हेल्प लाफिंग’ म्हणजे ‘मला हसू आवरत नाही’ हे कसं? इथे कोण कोणाला मदत करतंय?

इथे मदत शोधायलाच नको. दुखण्याला उतार पाडणे हाही ‘हेल्प’चा एक जुना अर्थ आहे आणि तो आजही चालतो. ‘धिस विल हेल्प युवर हेडेक’ या वाक्याचं ‘हे तुमच्या डोकेदुखीला मदत करील’ असं भाषांतर केलं, तर डोकेदुखी वाढवायलाच हातभार लावल्यासारखं होईल! आपण म्हणू, ‘यानं डोकेदुखी कमी होईल’ किंवा ‘गुण येईल’. म्हणजे इथे ‘हेल्प’ हा इलाज आहे. आधी दुखण्यावर इलाज, मग कुठल्याही नकोशा गोष्टीवर, आणि तिथून पुढे ती गोष्ट टाळणं, आवरणं. ‘इट कान्ट बी हेल्प्ड’ म्हणजे त्याला इलाज नाही.

मराठीही याच वाटेनं गेली आहे, याचा मला फार आनंद वाटतो. ‘इलाज’ हा मूळचा अरबी शब्द, औषधोपचाराचा. त्याला फारसी ‘ना’ लागून ‘नाइलाज’ झाला. आज ‘माझा नाइलाज आहे’ म्हणताना वैद्य कोणाच्याच मनात नसतो.

वापरताना एवढं सांभाळावं: या अर्थानं ‘कान्ट हेल्प’नंतर ‘टु लाफ’ येत नाही, ‘लाफिंग’च येतं. ‘कान्ट हेल्प बट लाफ’ही रूढ आहे. मराठीत मात्र क्रियापद बघून वाक्य बदलावं. हसू ‘आवरत नाही’, पण ‘आय कान्ट हेल्प आस्किंग’ला ‘विचारल्यावाचून राहवत नाही’ हेच शोभतं. ‘वाचून’च्या जागी ‘शिवाय’ही चालेल, पण माझा कौल ‘वाचून’ला.

एक वाक्य मात्र खरंच चकवतं: ‘डोन्ट स्पेंड मोअर दॅन यू कॅन हेल्प’. तर्कानं पाहिलं तर इथे ‘कान्ट’ हवं, कारण म्हणायचंय ते ‘टाळता येणार नाही तेवढाच खर्च कर’. तरी इंग्रज ‘कॅन’च म्हणतात. आपण ‘अगदीच नाइलाज असेल तेवढाच खर्च कर’ म्हणावं.

‘हेल्प युवरसेल्फ’ची वाट वेगळी. तिथे ‘हेल्प’ म्हणजे पानात वाढणे. ‘स्वतःला मदत करा’ असं पाहुण्याला कोण म्हणेल? ‘लाजू नका, हातानं वाढून घ्या.’