एका दिवसाची बदली बाई

प्रश्न: ताई, मी बेळगावकडच्या खानापूरची. परवा गावातल्या केजीच्या बाई आजारी पडल्या म्हणून एक दिवस मला बसवलं, बावीस पोरं, निम्मी मराठी निम्मी कन्नड, एक रडायला लागलं की सगळा वर्ग सुरू, माझा घसा बसला. पुन्हा बोलावलंय, जाऊ का?

उत्तर: जा की! घसा बसला म्हणजे ओरडलीस. या वयाची पोरं ओरडण्याला ओरडूनच उत्तर देतात, उलट एकदम हळू बोललीस तर काय सांगते बघायला जवळ येतात. आणि तुझ्याकडे जे आहे ते पुण्यातल्या बाईकडे नाही, तुला दोन्ही भाषा येतात! बा (ये), ऊटा (जेवण), नीरु (पाणी), साकू (पुरे) एवढ्यावर अर्धा दिवस निघतो, कन्नड पोराला त्याच्या भाषेत पाणी विचारलंस की निम्मं रडणं तिथंच थांबतं. गोष्ट पाच-सात मिनिटांचीच सांग, मग उठवून टाळ्या नाहीतर उड्या, बसवून ठेवलंस की मारामारी ठरलेली. मुख्य म्हणजे शूला कोण सांगतं, कोण सांगत नाही आणि घरी न्यायला कोण येणार, हे सकाळीच आयाला विचारून घे, तिला बाईंपेक्षा जास्त माहीत असतं. अनोळखी माणूस आला तर पोर सोडू नको, मी मामा आहे म्हणाला तरी नाही.