शेरा लांबला की सह्यांवर चढतो, फॉर्ममध्ये काय बदलू?

वागळे इस्टेटमधल्या तुमच्या तपासणी अहवालात शेऱ्याची चौकट वाढते, पण सह्या जागच्या हलत नाहीत. म्हणजे दोन्ही ज्या सबफॉर्ममध्ये (फॉर्मच्या आतल्या गटात) आहेत तो ‘पोझिशन्ड’, म्हणजे पक्क्या जागांचा आहे. लाइव्हसायकल डिझायनर या अडोबीच्या फॉर्म बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये तो ‘फ्लोड’ करा, म्हणजे वरचं वाढलं की खालचं सरकेल; त्याच्या बाहेरचे सबफॉर्मही तपासा. बहुतेक जण तिथेच चुकतात. चौकटीला एकाहून जास्त ओळींची परवानगी आणि उंचीसाठी ‘एक्स्पांड टू फिट’ हवंच.

अर्धं पान कोरं ठेवून चौकट पुढच्या पानावर जात असेल तर चौकटीला आणि सबफॉर्मला मजकुरात पानतोड चालू द्या. सह्यांना मात्र नको, त्या एकत्रच राहाव्यात.

सेव्ह करताना ‘डायनॅमिक एक्सएमएल फॉर्म’ निवडा. स्टॅटिकमध्ये चौकट वाढतच नाही. चाचणी अॅक्रोबॅट रीडरमध्ये घ्या. क्रोमसारख्या ब्राउझरमध्ये नुसतं ‘प्लीज वेट’चं पान दिसतं.