संहिता चौथ्या दिवशी

भाऊ, अमळनेरला मुलांचं नाट्यशिबिर घेतोयस, फार आनंद झाला. पहिले तीन दिवस संहिता काढूच नकोस. पोरांना अहिराणीत, आपल्या खानदेशी बोलीत, बोलू दे. वर्गात प्रमाण भाषेच्या धाकानं गप्प बसणारं पोर 'मना बैल पळी गया' एवढ्यावरून पाच मिनिटं एकट्यानं प्रसंग उभा करतं. मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या दिवसापासून ते शाळेतही हात वर करू लागतं.

जोडीनं आरशाचा खेळ रोज घे: एकानं हालचाल करायची, समोरच्यानं आरशासारखी तशीच करायची. समोरच्याकडे नीट बघायची सवय त्यातूनच लागते. अभिनय नको म्हणणाऱ्या मोठ्या मुलींवर प्रकाशयोजना सोपव, अगदी पूर्ण. आणि तालीम सकाळी सातलाच; मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांना टेकतो.