तलाव समितीवर नव्याने येणाऱ्या सदस्याला

समितीवर आलीस, आनंद झाला. पहिले दोन महिने फार बोलू नकोस. रोज सकाळी आपल्या सोलापुरातल्या कंबर तलावाला एक फेरी मार. कोळी बांधव, फिरायला येणारे आजोबा, कपडे धुणाऱ्या बायका, सगळ्यांशी बोल. सभेत जे कळत नाही ते काठावर कळतं.

मग दप्तर बघ. कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात फेरफार अहवाल, म्हणजे कोण गेलं नि कोण आलं याची नोंद, द्यावा लागतो. आमच्या एका संस्थेत तो राहून गेला, आणि पुढं बँकेत सह्यांवरून सहा महिने पैसे अडकले. जलपर्णी काढायला आलेल्या मजुरांची मजुरी आम्ही खिशातून दिली. म्हणून सांगतो, इतिवृत्त त्याच रात्री लिही. पावतीशिवाय दहा रुपयेही घेऊ नकोस, देणारा घरचा असला तरी.

जलपर्णीचं काम उन्हाळ्यातच उरक. पाऊस पडला की ती झपाट्यानं पसरते. काढलेला ढीग काठावर ठेवू नकोस, तुकडे परत पाण्यात जातात. बी तर गाळात कित्येक वर्षं जिवंत राहतं, त्यामुळं एका मोहिमेत हे संपेल असं कुणाला सांगू नकोस.

महापालिकेला तोंडी कधी कळवू नकोस. अर्ज दे, पोच घे.

आणि भांडणं होतील. पद सोडावंसं वाटलं तर आधी माझ्याकडं ये, चहा घेऊ. संत सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून सिद्धेश्वर तळं उभं केलेलं हे गाव आहे गं, आपल्याला फक्त आपलं तळं राखायचंय.