पटणारा शिबू, मागे पडणारा जेसन

प्रश्न : दर रविवारी आम्ही चार मित्र एकत्र चित्रपट बघतो. सुपरहीरोचा असला की एक म्हणतो भारी, दुसरा म्हणतो बकवास, आणि बोलणं तिथंच खुंटतं. येत्या रविवारी ‘मिन्नल मुरली’ लावतोय. त्यातलं चांगलं काय, कच्चं काय, हे कसं ओळखावं?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : निवड उत्तम आहे. बेसिल जोसेफ यांच्या या मल्याळम चित्रपटाचं (२०२१) बळ आणि दुबळेपणा, दोन्ही खलनायकाच्या लिखाणात आहे. नायक जेसन शिंपी, खलनायक शिबू चहाच्या दुकानात राबणारा. एकाच रात्री दोघांवर वीज पडते आणि दोघांना शक्ती मिळते. जेसनला घर आहे, जीव लावणारा भाचा आहे. शिबूला गाव वेडा समजतं. म्हणून तो बँक लुटतो तेव्हाही, त्याचं जिच्यावर प्रेम आहे त्या उषाच्या आजारी मुलीचा उपचार आपल्या डोळ्यांसमोर असतो. उषा त्याला होकार देते तो प्रसंग एकदा आवाज बंद करून बघा. शिबू झालेल्या गुरू सोमसुंदरम यांचा नुसता चेहरा सगळं सांगतो. एरवी मात्र आवाज मूळ मल्याळमच ठेवा, खाली सबटायटल्स लावा. डबिंगमध्ये त्यांच्या आवाजातला कंप हरवतो.

आता कच्चे दुवे. शिबूला इतकं भक्कम कारण दिल्यावर जेसन फिका पडतो. त्याला अमेरिकेला जायचंय, प्रेमभंगाचं दुःख आहे, मिळालेली शक्ती तो आधी पोलिसांवरचा राग काढायला वापरतो. गावासाठी उभं राहण्याचं कारण त्याला वडिलांच्या कथेतून मिळतं, तेही फार उशिरा. अडीच तासांहून मोठ्या चित्रपटाचा मधला भाग म्हणूनच रेंगाळतो. उषावर तर अन्यायच झालाय. शिबूच्या एकतर्फी ध्यासाला संगीत हळवं करतं, पण तिला स्वतःला काय हवं होतं, याला जागाच मिळत नाही. यावर वाद घालाच.

मारामारी तपासायची सोपी रीत : प्रसंग संपला की थांबवा आणि कोण कुठं होतं, धोका कुठून येत होता, हे कागदावर काढा. कड्यावर लटकलेल्या बसचा प्रसंग सहज काढता येतो, कारण तोल कुठं जातोय ते सतत दिसतं. शेवटच्या लढतीत ते जमणार नाही. शिवाय दोघांचंही बळ सारखं, आणि कुणाचीच दुखरी बाजू आधी दाखवलेली नाही. त्यामुळे उचलणं-आपटणंच पुन्हा पुन्हा होतं.