गावात पिसाळलेलं कुत्रं आलं तर मारून टाकता येतं का? ग्रामपंचायतीने काय करायचं असतं?

तुम्ही लिहिलंय की वस्तीवर एक कुत्रं तिघांना आणि एका म्हशीला चावलं, पोरं काठ्या घेऊन मागे लागलीत आणि सरपंच म्हणतात, "आधी मारा, मग बघू." मी तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात ३० वर्षं पशुधन पर्यवेक्षक होतो, तेव्हा पोरांना आधी थांबवा.

पण कुत्र्याच्या अगोदर ती तीन माणसं. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. आणि आजच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. रक्त आलं असेल तर लशीबरोबर सिरमही, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही, लागतं. पोटातली १४ इंजेक्शनं कधीच बंद झाली. त्या धास्तीने घरी बसणारे अजून भेटतात.

आता कुत्रं. काठीने मारणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे संशयित कुत्र्याला पकडून वेगळं ठेवायचं, पशुवैद्यकाने तपासायचं, आणि रेबीज दिसला तर ते आपोआप मरेपर्यंत तसंच कोंडून ठेवायचं. पिसाळलेलं कुत्रं साधारण १० दिवसांत मरतंच. मारून ओढ्याला टाकलंत, तर ते खरंच पिसाळलेलं होतं का हे कधीच कळणार नाही. मेलं की डॉक्टरांना सांगा, मेंदूचा नमुना तपासायला जातो. डोक्याला हात तुम्ही लावू नका.

ग्रामपंचायतीचं म्हणाल, तर २००९ चा जनावरांच्या संसर्गजन्य रोगांचा कायदा आहे, त्यात रेबीज येतो. संशय आला की मालकाने पंचायतीला आणि तिथून जवळच्या पशुवैद्यकाला कळवायचं. लेखी द्या, पोच घ्या. तोंडी सांगितलेलं चहाबरोबर विरून जातं. भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण स्थानिक संस्थेकडे, पाळलेल्याची लस मालकाकडे. रात्री दारात बांधायचं आणि चावलं की "आमचं नाही हो" म्हणायचं, हे चालत नाही.

शेजारच्या गोव्याने हे करून दाखवलं. जाळी घेऊन गल्लोगल्ली फिरून वर्षाला सुमारे १ लाख कुत्री टोचली, शाळाशाळांत जाऊन मुलांना शिकवलं. कुत्र्यांमधला रेबीज ९० टक्क्यांहून जास्त घटला. २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं. १०० पैकी ७० कुत्री टोचलेली असली की साखळी तुटते. टोचलेली मारलीत तर मोकळ्या जागेत बाहेरची, बिनलशीची येतात. आणि कानाला कापलेली खूण दिसली म्हणून निर्धास्त राहू नका. ती नसबंदीची खूण. त्या वेळची लस आज पुरेल असं नाही.

राहिली म्हैस. एका पावसाळ्यात वाडीवरून निरोप आला: म्हशीच्या घशात आंब्याची कोय अडकलीय, पाणी पिईना, लाळ गळतेय. मालकाने कोपरापर्यंत हात घालून चाचपलं होतं. मीही घातला. कोय नव्हती. संध्याकाळी ती हंबरायला लागली, तो आवाज मी विसरलेलो नाही, फाटलेला, घोगरा, थांबतच नव्हता. मग मालकाच्या आईने सांगितलं, महिन्यापूर्वी गोठ्यात कुत्रं शिरलं होतं. तिसऱ्या दिवशी म्हैस गेली. दुसऱ्या सकाळी आम्ही आठ जण लशीच्या रांगेत, पुढे मी.

तुमच्या म्हशीची जखम तशीच साबणाने धुवा, पण हातमोजे घालून. डॉक्टरांना आजच बोलवा. चावा झाल्यावर तिला पाच इंजेक्शनं लागतात: पहिल्या दिवशी एक, मग ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. तिचं दूध कच्चं कोणी पिऊ नका. पुढच्या काही महिन्यांत ती वैरण सोडून लाळ गाळायला लागली, तर तोंडात हात घालायच्या आधी दवाखान्यात फोन करा.