सुनेचे खापरपणजोबा १८८०च्या सुमारास कलकत्त्याहून करारावर त्रिनिदादला गेले. त्यांचं मूळ गाव कसं शोधायचं?

आधी त्यांचा एमिग्रेशन पास शोधा, गाव त्यातच सापडेल. करारावर जाणाऱ्या मजुराचा असा पास कलकत्त्याला बनायचा. त्यात वडिलांचं नाव, वय, जात, जिल्हा, ठाणं (म्हणजे पोलीस ठाण्याची हद्द), गाव, उंची, अगदी अंगावरची खूणसुद्धा लिहिलेली असते. शोधायला जहाजाचं नाव किंवा त्यांचा नोंदणी क्रमांक हाताशी हवा. तो तिकडे जन्मलेल्या मुलांच्या जन्म-विवाहाच्या जुन्या दाखल्यांवर बरेचदा मिळतो, म्हणून सुनेच्या माहेरची कागदपत्रं आधी नीट चाळा. मग पोर्ट ऑफ स्पेनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जहाजांच्या नोंदवह्यांची चौकशी करा. आजच्या आडनावावरून मात्र शोधू नका. मजुराचं किंवा त्याच्या बापाचं नावच पुढे कितीतरी घराण्यांचं आडनाव झालं.

एक अडचण येईल. कारकुनांनी गावांची नावं कानावर पडली तशी इंग्रजीत उतरवली आणि जिल्हेही नंतर फुटले. पासवर ‘बस्ती’ (उत्तर प्रदेशातला जिल्हा) असेल, तर ते गाव आज सिद्धार्थनगर जिल्ह्यातही असू शकतं, कारण तो १९८८ साली बस्तीतूनच निघाला. म्हणून गावापेक्षा ठाण्याचं नाव आधी जुन्या नकाशावर लावून बघा. त्याच्या आसपास त्या उच्चाराची दोन-तीन गावं निघतात, आणि तिथून पुढचं काम प्रत्यक्ष जाऊनच होतं.